थांबलं की दगड लुकलुकतो

तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून नाही, घाईत नाही, पूर्ण पानभर छापून, वर शिक्का मारून खोटं लिहिलंत. त्या पानावर एका नऊ वर्षांच्या मुलीच्या नावापुढे हिरव्या रंगात 'शिकली' असं आहे. ती शिकलेली नाही. तिला सात मोठे की बारा मोठे हे आजही सांगता येत नाही. तुम्ही तिला कधी पाहिलेलं नाही, तिच्या शाळेचा जिना चढलेला नाहीत, आणि तरी ती शिकली हे तुम्हाला माझ्याआधी कळलं.

मी त्या शाळेत मदतनीस आहे. शिक्षिका नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे 'त्यांची पात्रता काय' असं विचारायची तसदी नको. माझ्याकडे पदवी नाही. मी अकरा वर्षं एका दवाखान्याच्या धुलाईखोलीत चादरी मोजायचे. दहा-दहाचा गठ्ठा, दहा गठ्ठ्यांची गाडी. शाळेत जे गणित माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही ते चादरींनी शिरवलं, कारण चादर हातात येते, आकडा येत नाही. हे मला कळलं म्हणून मला त्या छोट्या खोलीत ठेवलं.

छोटी खोली म्हणजे पाण्याच्या टाकीला लागून असलेली, पूर्वी झाडू-बादल्या ठेवायची ती. एक खिडकी, एक सतरंजी, आणि भिंतीपाशी खोकी. खोक्यांत बाटल्यांची झाकणं, तुटक्या सोंगट्या, पुठ्ठ्याचे चौकोन, मी स्वतः कापलेले. वर्गात सेहेचाळीस मुलं. त्यातली ज्यांची गाडी आकड्यांपाशी अडलेली असायची ती सात-आठ मुलं मधल्या सुट्टीनंतर तासभर माझ्याकडे यायची. तासभर आम्ही खेळायचो. दुसरं काही नाही.

तेव्हा कुणी मला सांगू नका की ही बाई जुन्या वळणाची आहे, हिला खेळातून शिक्षण म्हणजे काय ते समजत नाही. मी सहा वर्षं खेळाशिवाय काही केलेलं नाही.

माझा मुख्य खेळ म्हणजे लबाडी. मी झाकणं मोजायची आणि मोजताना चोरी करायची. एक आकडा गिळायचा, नाहीतर एकच झाकण दोनदा मोजायचं. जो पकडेल तो बाई, आणि मी सतरंजीच्या कडेला अंगठे धरून उभी. मुलांना मोठ्या माणसाला चोरी करताना पकडण्यासारखं सुख जगात दुसरं नाही. मला पकडण्यासाठी त्यांना माझ्याबरोबर मनात मोजावंच लागायचं, हे त्यांच्या लक्षात यायचं नाही. माझं नाव पडलं लबाड बाई. मला ते आवडायचं.

या मुलीला सगळे बटण म्हणायचे. कुणी काही विचारलं की ती सदऱ्याचं वरचं बटण पिळायला लागायची, सुटून येईपर्यंत. तिची आई एका शिलाईच्या कारखान्यात काज करायच्या मशीनवर होती, त्यामुळे बटणाला तोटा नव्हता. रोज नवं बटण, रोज वेगळ्या रंगाचं. मुलं हसायची. तीही हसायची. हसून वेळ मारून नेणं तिला फार लवकर जमलं होतं.

तीन महिने ती माझ्याकडे आली आणि तोंड उघडलं नाही. मी चोरी करायची, बाकीचे ओरडायचे, ही इतरांच्या आधी हसायची नाही, नंतर हसायची. चौथ्या महिन्यात एके दिवशी मी मोजत होते, एक, दोन, तीन, पाच.

"ओ बाई!"

मला वाटलं दुसरंच कुणी.

"ओ लबाड बाई, चार कुठंय?"

बटण उभी होती. बटण सोडून दिलेलं, बोट माझ्याकडे.

"चार? इथंच तर होता."

"नव्हता. खाल्लात तुम्ही. पोटात बघा."

मी अंगठे धरले. ती बाई झाली. त्या दिवशी तिने मला वीस मिनिटं उभं ठेवलं, आणि मी कंबर धरून घरी गेले तरी रस्ताभर हसत होते. त्या दिवसापासून ती नवापर्यंत मला पकडायला लागली. नवाच्या पुढे धुकं होतं. दहा, अकरा, बारा ही तिच्यासाठी नुसती नावं होती, वर्गातल्या न बोलणाऱ्या मुलांसारखी. पण मला माहीत होतं, वर्षअखेरपर्यंत वीस गाठू. घाई नव्हती. मला कुठं माहीत होतं की घाई तुम्हाला आहे.

मग तुमच्या कार्यालयाने पाठवलेले टॅब आले. खोकी उघडली तेव्हा सगळ्या शाळेला नव्या प्लास्टिकचा वास. त्यात तो खेळ होता. नदी, नदीच्या अलीकडे अस्वल, नदीत तीन दगड, दगडांवर आकडे. वर प्रश्न. बरोबर दगडावर बोट ठेवलं की अस्वल उडी मारतं, चुकलं की पाण्यात पडतं. खेळ वाईट नव्हता. अस्वल गोड होतं. पण वर एक वाळूचं घड्याळ होतं. पाच सेकंदांत दगड बुडायचे. चटपटीत मुलांची अस्वलं पलीकडे जाऊन नाचायची आणि माझ्या मुलांचं अस्वल दर वेळी बुडायचं. बटणने पहिल्या दिवशी ते एकोणीस वेळा बुडताना पाहिलं आणि टॅब पालथा घातला.

"काय झालं गं?"

"त्याला पोहता येत नाही, बाई. मी नाही खेळत. मरतंय ते."

मग आमचं ट्रेनिंग झालं. मोठ्या सभागृहात, सगळ्या शाळांचं एकत्र. तुमचा माणूस आला होता. नम्र, इस्त्रीचा शर्ट, प्रत्येक वाक्याआधी 'छान प्रश्न'. शेवटी तो म्हणाला, काही सूचना? कुणी उठेना. सगळ्यांना चहाचे वेध. मी उठले.

आता जे सांगतेय ते कबुली म्हणून लिहून घ्या. तुम्ही शोधून काढण्याआधी मीच सांगते.

मी म्हणाले, "आमची मुलं हळू आहेत, मठ्ठ नाहीत. ते घड्याळ काढा. मुलाला विचार करायला वेळ द्या. आणि अगदीच अडलं तर थोडासा इशारा द्या, म्हणजे ते रडणार नाही."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या. तुमच्या माणसाने वहीत लिहून घेतलं, माझ्या देखत. "फार मोलाची सूचना, मॅडम." मला कुणी मॅडम म्हणत नाही. घरी जाऊन मी बहिणीला तीन वेळा सांगितलं. ती म्हणाली, "बस की आता, ऐकलं मी, मॅडम."

दीड महिन्याने खेळ बदलून आला. घड्याळ गेलं. दगड बुडेनासे झाले. आणि मुलाने आठ सेकंद काहीच केलं नाही तर बरोबर दगड लुकलुकायला लागायचा. चुकीच्या दगडावर बोट ठेवलंच, तर अस्वल पाण्यात पडून हसायचं, अंग झाडायचं, परत काठावर यायचं आणि तो चुकीचा दगड फिका व्हायचा. तीन दगडांतला एक उरेपर्यंत. म्हणजे कुणीही, काहीही केलं, तरी नदी ओलांडायचंच. आणि तुमच्याकडे नोंद फक्त ओलांडल्याची.

मला हे तेव्हा दिसलं नाही. मला दिसलं ते एवढंच की माझी मुलं रडेनाशी झाली. मी खूश होते. चादरी मोजताना मी एकदा नऊलाच दहा समजून गठ्ठे बांधत गेले आणि दिवसभर प्रत्येक गाडी दहा-दहाने कमी भरत गेली, तेव्हाही मी अशीच गाणं गुणगुणत होते.

तीन आठवड्यांनी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. बाई वाईट नाहीत, फक्त दमलेल्या आहेत. टेबलावर कागद, कागदावर हिरव्या रेघा.

"बघ, तुझी बटण. शंभरपैकी शंभर. सलग अठरा दिवस. सगळ्या तिसरीत पहिली!"

"बटण?"

"अगं हो. तुला आनंद नाही झाला?"

झाला. खोटं कशाला बोलू. क्षणभर झाला. वाटलं, घरी आईने बसवून घेतलं असेल. आकड्यांचं कुलूप कधी कधी असं एका रात्रीत उघडतं, मी पाहिलंय. त्याच दुपारी बटणला सतरंजीवर बसवलं, झाकणं ओतली आणि मोजायला लागले. आठ, नऊ, दहा, बारा.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. झाकणांकडे नाही. तोंडाकडे.

"बटण, मी काही खाल्लं का?"

ती थांबली. डोळे माझ्या चेहऱ्यावर, हात मांडीवर, अगदी शांत. बटण पिळत नव्हती. मला वाटलं मोजतेय. मी वाट पाहिली. मग माझ्याच भुवया जराशा वर गेल्या असतील, कारण ती एकदम म्हणाली, "हो! खाल्लं!"

"कुठला?"

परत थांबली. परत माझ्या चेहऱ्याकडे.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी टॅब घेऊन बसले. प्रश्न आला, बारा आणि सातमध्ये मोठा कोण. तिने तो वाचलासुद्धा नाही. हात मांडीवर घेतले, एक मोठा श्वास घेतला, आणि बसली. जशी माणसं बस थांब्यावर बसतात तशी. दगड लुकलुकला. तिने बोट ठेवलं. अस्वल पलीकडे. पुढचा प्रश्न, परत श्वास, परत हात मांडीवर.

"तुला कसं कळलं बारा?"

"ते सांगतं ना."

"कोण?"

"दगड. फक्त थांबायचं असतं, बाई. बाकीचे थांबत नाहीत, घाई करतात म्हणून चुकतात." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "कुणाला सांगू नका हं. नाहीतर सगळेच पहिले येतील."

सांगा, यात तिची चूक काय? ती मूर्ख नाही. सेहेचाळीस मुलांत फक्त तिला कळलं की तुमचा खेळ गणिताचा नाहीच, थांबण्याचा आहे. आणि तिने ती गोष्ट माणसांवरही वापरायला घेतली. मोठी माणसं पण थांबलं की लुकलुकतात. भुवई हलते, ओठ हलतात, श्वास बदलतो. जी मुलगी मला चार चोरताना पकडायची ती आता मोजेनाशी झाली होती. नवापर्यंत आलेली गाडी तिथून मागे घसरत गेली. मी झाकणांवर कापड टाकून बघितलं, पाठ करून बघितलं. चौथ्या झाकणाशी ती अडायची आणि विचारायची, "बाई, इकडे वळा ना."

मी तडक मोठ्या बाईंकडे गेले.

"बाई, तिला येत नाही. जे येत होतं तेही गेलं."

"अगं, रिपोर्ट आहे समोर."

"रिपोर्ट अस्वलाचा आहे. नदी त्याने ओलांडलीय."

"हळू बोल. आणि ती सूचना तुझीच ना? मी वर तसं कळवलंयसुद्धा, आमच्या मदतनीस बाईंच्या सूचनेवरून बदल झाला म्हणून. तुझंच कौतुक व्हायचंय."

"म्हणून तर मीच सांगायला आलेय. रिपोर्ट मागे घ्या."

"वर गेलेली गोष्ट खाली येते का कधी?"

"पाऊस येतो."

त्या हसल्या. मग हसू पुसलं आणि म्हणाल्या, "तुला सांगायचंच होतं. छोट्या खोलीतल्या आठही जणांचं 'शिकली-शिकला' आलंय. म्हणजे खोलीची गरज उरली नाही असं वरून आलंय. पहिल्या तारखेपासून तिथे टॅब चार्ज करायची सोय होईल. तू काळजी करू नकोस, तू त्यातच राहशील. वायरी लावायला माणूस लागणारच आहे."

त्यांनी हे चांगलं वाटावं म्हणून सांगितलं. तेच जास्त लागलं.

पहिल्या तारखेला तेरा दिवस होते. मी तुमच्या तक्रारीच्या नंबरवर फोन केला. चाळीस मिनिटं गाणं वाजलं. मग एक मुलगी आली, आवाजावरून माझ्या भाचीएवढी.

"बोला, विषय काय?"

"एका मुलीला गणित येत नाही."

तिने नाव, नंबर विचारला. खटखट ऐकू आली. "मॅडम, त्यांचं पूर्ण दिसतंय. शंभर टक्के."

"मी तिच्या शेजारी बसून पाहिलंय."

"हो, पण मी स्क्रीनसमोर बसलेय ना."

"बरं, मग ते बदला. 'शिकली नाही' करा."

"तसा पर्याय नाहीये. 'शिकत आहे'वरून 'शिकली' होतं. 'शिकली'वरून मागे येत नाही."

"माणूस विसरत नाही का?"

खटखट थांबली. मग हळूच, जणू शेजारी कुणी ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "मी पण विसरलेय बरंच. पण इथे पर्याय नाहीये, काकू." तुमच्याकडून मला मिळालेलं ते एकमेव खरं वाक्य. त्या मुलीला त्याबद्दल त्रास देऊ नका.

मग मी जे केलं त्याची मला लाज वाटते. बटणला जवळ घेतलं आणि सांगितलं, आज चुकायचं. प्रत्येक प्रश्नाला चुकीच्या दगडावर बोट ठेवायचं.

"मुद्दाम?"

"हो. आपल्या खेळात मी चुकते तसं."

ती विचार करत राहिली. "तुम्ही मोठ्या आहात. तुम्ही चुकलात तर सगळे हसतात आणि झालं. मी आत्ता कुठे बरोबर यायला लागलेय, बाई."

"तरी. माझ्यासाठी."

माझ्यासाठी म्हणाले. नऊ वर्षांच्या पोरीला. तिने चुकीचा दगड दाबला. अस्वल पडलं, हसलं, वर आलं. दुसरा चुकीचा दाबला. पडलं, हसलं. तिसरा दगड एकटाच उरला, तो दाबल्याशिवाय खेळ पुढे जाईना. दाबला. टाळ्या. असे तीस प्रश्न. शेवटी पडद्यावर चांदण्या पडल्या आणि अस्वल म्हणालं, वा!

"झाले का मी नापास?" तिने विचारलं. आशेने. मला बरं वाटावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिची आई आली. बोटांना मशीनच्या तेलाचा वास, केसांत दोऱ्याचे तुकडे. दारातूनच सुरुवात.

"तुम्हीच का त्या लबाड बाई?"

"मीच."

"नाव अगदी शोभतं. माझ्या पोरीला मुद्दाम चुकायला लावलंत तुम्ही? नऊ वर्षांत पहिल्यांदा पोरीचं काही चांगलं झालं, ते बघवलं नाही?"

"आत तर या, ताई."

"ताई नका म्हणू. मी सगळ्या कारखान्याला सांगितलंय माहितीये? सुपरवायझरला सांगितलं. माझ्या नणंदेला सांगितलं, जी हिला तोंडावर दगड म्हणायची. आता सांगू काय, की बाईला खोली बंद होण्याची भीती वाटली म्हणून पोरीला नापास करतेय?"

हे तिला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. खोली बंद होत होती हे खरं होतं आणि मला भीती होती हेही खरं.

"तुम्ही स्वतः विचारून बघा तिला," मी म्हणाले. "मी बोलणार नाही."

बटण कोपऱ्यात उभी होती, सदऱ्याला हिरवं बटण. आईने सतरंजीवर झाकणं ओतली, रागानेच. "बारा दे गं मला."

बटण बसली. एकेक झाकण आईच्या पुढे ठेवायला लागली. डोळे आईच्या तोंडावर. आईचे ओठ आपोआप हलत होते, एक, दोन, तीन. बाई मशीनवर मोजायची सवय असलेली, तिला कळतही नव्हतं. बाराव्या झाकणाला ओठ थांबले. बटणचा हात थांबला.

"बघा!" आई माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी आलेलं. "बघा, मोजून बारा. आता काय म्हणणं आहे?"

"आता भिंतीकडे तोंड करा."

"का?"

"करा एकदा. मग मला हव्या तेवढ्या शिव्या द्या."

तिने भिंतीकडे तोंड केलं. मी पण केलं. आम्ही दोन बायका, शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरींसारख्या, भिंतीला नाक लावून उभ्या. "दे बारा," आई भिंतीला म्हणाली.

झाकणाचा आवाज आला. एक. मग एक. मग एक. मग आणखी एक. मग काही नाही.

टाकीत पाणी पडत होतं. बाहेर कुणीतरी बाक ओढत होतं.

"दे ना गं," आई म्हणाली. आवाज आधीसारखा नव्हता.

"आई, इकडे बघ ना."

"तू दे आधी."

"आई, तू बघितल्याशिवाय मला कसं कळणार?"

आई वळली. सतरंजीवर चार झाकणं होती आणि पाचवं पोरीच्या हातात, अधांतरी. आई खाली बसली. झाकणं गोळा करून खोक्यात भरत राहिली, जणू ती तिने सांडली होती. शेवटचं झाकण टाकून म्हणाली, "मी हिला वही घेऊन दिली. चांगल्या कागदाची. पहिली आली म्हणून."

माझ्या सूचनेवर वाजलेल्या टाळ्या मला ऐकू येत होत्या.

मग तिने विचारलं, "कुठं लिहून द्यायचं? मला सांगा कुठं, मी देते लिहून."

मी कागद दिला. तिने खूप वेळ घेतला. तिसरीचे सर आत डोकावले, "काय चाललंय?" म्हणाले, कागदावरची ओळ वाचली आणि दार ओढून गेले. आईने लिहिलं ते असं. माझ्या मुलीला गणित येत नाही. चार झाकणांच्या पुढे येत नाही. मी आई आहे आणि मी स्वतः बघितलं आहे. तिला शिकली असं लिहू नये. तिला या खोलीत शिकवावं. खाली सही, आणि सहीखाली, कुणी न मागता, कारखान्याचा पत्ता.

कुठलीही आई असं स्वतःच्या हाताने लिहीत नाही. हे लिहायला तिला काय लागलं ते तुम्हाला कळावं अशी माझी अपेक्षा नाही. मी नुसतं सांगतेय.

अर्ज मी स्वतः नेऊन दिला. खिडकीतल्या माणसाने पोच दिली. आठ दिवसांनी आईच्या फोनवर तुमचा मेसेज आला. तिने मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी येऊन मला दाखवला. 'अभिनंदन! आपल्या पाल्याने स्तर पूर्ण केला आहे.' खाली अस्वल.

"हे माझ्या अर्जाचं उत्तर आहे का?" तिने मला विचारलं.

मी तिला पोच दाखवली.

पहिल्या तारखेला खोली रिकामी केली. सतरंजी गुंडाळली. झाकणांची खोकी भंगारात जाणार होती, मी घरी नेली, बहीण म्हणाली, हे काय आणलंस. आता त्या खोलीत चार फळ्या आहेत, फळ्यांवर टॅब, टॅबना वायरी. मी सकाळी वायरी काढते, दुपारी लावते. बाकीची सात मुलं वर्गात आपापल्या जागी बसतात. त्यातली दोन मला जिन्यात भेटली की विचारतात, लबाड बाई, आज काय चोरलंत? मी म्हणते, काही नाही रे.

बटण वर्ष संपल्यावर चौथीत गेली. शंभर टक्केवाल्यांच्या तुकडीत. तिथले सर चांगले शिकवतात असं म्हणतात. फळ्यावर भराभर लिहितात, वर्गाकडे पाठ करून. मी टॅब वाटायला जाते तेव्हा बघते. ती शेवटच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसलेली असते, डोळे सरांच्या पाठीवर. पहिले काही आठवडे तिने वाट पाहिली. पाठ काही सांगत नाही. आता गणिताच्या दिवशी तिच्या पोटात दुखतं. गेल्या महिन्यात ती अकरा दिवस आली नाही. तुमच्या पानावर ती अजून हिरवी आहे.

तिच्या आईने परवा मला विचारलं, अजून किती वर्षं आहेत तिच्या हातात, म्हणजे शिकायची. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं असं आहे की मला माहीत नाही. वर्षभरापूर्वी तिने नऊ गाठले होते. आज तीन आहेत. ती मागे चालतेय आणि ते मागे येणं मोजायला तुमच्याकडे जागाच नाही.

सूचना माझी होती. माझा दोष मी वर लिहिला आहे, त्याची शिक्षा करायची तर करा, वायरी दुसऱ्या कुणाकडे द्या. पण अर्ज तिच्या आईचा आहे. पोच माझ्याकडे आहे, तारखेसकट. तो अर्ज कुणी वाचला? वाचणाऱ्याचं नाव काय? आणि ती मुलगी त्या पानावरून कधी खाली उतरवणार, कुठल्या खोलीत, कुणाकडे, कुठल्या वारी तिला परत मोजायला बसवणार? अभिनंदन नको. अस्वल नको. माणसाने, माणसाच्या हाताने, तिच्या आईला उत्तर लिहा. पत्ता अर्जावर आहे. कधी लिहिताय?